मालवणी बोलणारी धनमाया

आमच्या ह्यांचे साहेब एकदा रविवारी सकाळी न कळवता घरी आले. मी न्हाणीघरात होते, हे दुधाच्या केंद्रावर गेले होते. दार उघडलं धनमायाने. गोरा, रुंद चेहरा, बारीक डोळे, नाकात सोन्याची चपटी फुली आणि कडेवर आमची मुक्ता. साहेबांनी तिच्याकडे बघून हिंदीत विचारलं, "साब घर में हैं?"

"नाय रे," धनमाया म्हणाली, "दूध हाडूक गेलो. बाय न्हाता. तू बस थय, मी चाय ठेवतंय."

साहेब स्वतः कुडाळकडचे. कारखान्यात त्यांना 'अरे' म्हणायची कोणाची छाती नव्हती. मी ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आले, तर ते खुर्चीच्या कडेवर बसून बशीतून चहा पीत होते आणि धनमाया त्यांना पावसाळ्यात लंगोट वाळत कसे नाहीत ते सांगत होती. "वहिनी, ही कुठल्या गावची हो?" त्यांनी हळूच विचारलं. नेपाळची, म्हटल्यावर त्यांनी जोरात मान हलवली. "काहीतरीच! ही आमच्या बाजूचीच."

ती खरंच नेपाळची होती. तिचं गाव पूर्वेकडच्या डोंगरात. तिथून मोटारीचा रस्ता गाठायलाच पुष्कळ चालावं लागे, म्हणायची.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची सोसायटी नुकतीच उभी राहिली होती. मी टेलिफोन ऑपरेटर, ड्यूटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. हे भांडुपच्या कारखान्यात. मुक्ता झाली तेव्हा बाळंतपणाला सासूबाई मालवणहून आल्या होत्या, पण मामंजी गावी एकटे होते आणि लावणीच्या आधी सासूबाईंना परतायचं होतं. जवळ पाळणाघर एकच, आणि तिथली बाई दिवेलागणीनंतर मूल ठेवत नसे. नोकरी सोडायची वेळ येते की काय असं झालं असताना आमच्या सोसायटीचा वॉचमन टेकबहादूर म्हणाला, "मेरी भाभी है गाँव में. भाई गुजर गया. बच्चे को बहुत अच्छा सँभालती है. बुलाऊँ?"

परदेशातून बाई आणायची म्हणजे काय काय कागदपत्रं लागतील, याची ह्यांनी गंभीरपणे चौकशी केली. टेक हसायला लागला. "साब, उधर से तो लोग चलके आते हैं." शेजारपाजारच्यांनी मात्र भीती घातली. घरात कायमची राहणार, भाषा येत नाही, पोर मुकं होईल, एक दिवस सगळं उचलून पळून जाईल. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येऊ दे तिका. मी बघतंय."

धनमाया आली ती एक पत्र्याची ट्रंक आणि तेलाची बाटली घेऊन. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला मिठाच्या पांढऱ्या राशी दिसल्या आणि ती "हिउँ!" म्हणून ओरडली. तो बर्फ नाही, हे पटवायला टेकला तिच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवावं लागलं. चाखून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्यानंतर ती आणि सासूबाई यांचं जे सुरू झालं, ते बघण्यासारखं होतं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघीही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. धनमायाने बाटलीतलं मोहरीचं तेल तळहातावर ओतलं की सासूबाई नाकाला पदर लावायच्या. "ह्या लोणच्याचा तेल माझ्या नातीक लावतंस?" आणि खोबरेल पुढे करायच्या. धनमाया खोबरेलाचा वास घ्यायची आणि तोंड वाकडं करायची, ते केसांना, अंगाला नाही, असं खुणेने सांगायची. आठवडाभर मुक्ताच्या अंगावरून हा झगडा चालला. शेवटी सकाळी खोबरेल, संध्याकाळी मोहरी असा तह झाला. मुक्ता मात्र दोन्ही तेलांत मजेत हातपाय उडवायची.

भाषा ती या भांडणांतूनच शिकली. मी ड्यूटीवर, हे कारखान्यात. दिवसभर कानावर पडायची ती सासूबाईंची मालवणी. तिला वाटलं, मराठी म्हणतात ती हीच. सासूबाई गावी जायला निघाल्या तोवर ती 'माका', 'तुका', 'खय', 'कित्याक' असं सगळं बिनचूक बोलत होती, फक्त सूर डोंगरातला. सगळ्यांना अरेतुरे. डॉक्टरांनाही. मुक्ताला लस टोचून घ्यायला गेलो तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "हळू टोच रे, तुझा चेडू नाय काय घरात?" चेडू म्हणजे मुलगी हे कळल्यावर डॉक्टर हसले आणि खरंच हळू टोचलं.

तिचा आवडता शब्द 'होतला', म्हणजे होईल. गॅस संपला, मुक्ताला जुलाब झाले, माझी ड्यूटी अचानक बदलली, काही झालं तरी "होतला गो, सगळा होतला." मी चिडून म्हणायचे, "अगं पण कसं?" त्यावर ती म्हणायची, "ता माका ठाऊक नाय. पण होतला." आणि कंबरेला पदर खोचून उठायची. मुक्ता रडली की ती आधी तिच्याकडे नुसती बघत राहायची. "भूक लागली काय गं?" मी विचारलं तर मान हलवायची. "भुकेचा रडणा येगळा. ह्या रागाचा. तू कामार गेलंस म्हणान."

तिची स्वतःची मुलगी सासूकडे, गावी होती. नाव सानू. मुक्तापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं, "तुझा चेडू केवढा?" तेव्हा शब्द नव्हते, म्हणून धनमायाने हात जमिनीपासून गुडघ्याइतका वर धरून दाखवला. पुढे शब्द आले तरी सवय तीच राहिली. कोणी सानूबद्दल विचारलं की ती हात धरून दाखवायची, आणि दर वेळी थोडा वर. अंदाजाने वाढवलेली ती मुलगी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी कुठेतरी उभी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

मुक्ता बोलायला लागली तेव्हा तिने धनमायाचं 'धमा' केलं. झोपायला धमा, जेवायला धमा, पडलं-लागलं की धमा. मी घरात असले की मी पाहुणी. मुलगी अंगाने भरत होती, हसत होती, आणि मी निर्धास्त ड्यूटीवर जात होते. धनमायाची आठवड्याची सुट्टी ठरलेली होती, पण त्या दिवशीही ती मुक्ताला घेऊन टेकच्या खोलीवर जायची.

तिसऱ्या वर्षी टेक रजेवर गावी निघाला, तेव्हा आम्ही तिलाही पाठवलं. मी दोन फ्रॉक घेतले, ह्यांनी रंगीत खडूंची पेटी. महिन्याने ती परत आली. मुक्ता धावत जाऊन तिच्या पायांना बिलगली. धनमायाने तिला उचललं, मुके घेतले, ट्रंक आत ठेवली, आणि कामाला लागली. 'होतला' मात्र कित्येक दिवस ऐकू आलं नाही.

एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी विचारलं, "सानू कशी आहे?"

तिने हात धरून दाखवला. आमच्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बराच वर.

"एवढा झाला," ती म्हणाली. "माका आमा नाय, काकी म्हणता."

"काकी?"

"घरात थोरल्या दिराची पोरां असत. ती माका काकी म्हणतत. ता ऐकान तीय म्हणता." तिने मुक्ताचा फ्रॉक झटकला, दोरीवर घातला, चिमटा लावला. "तेचो राग नाय माका. तिका कसा कळतला?"

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, सानूला इथे आणू. ह्यांनी आमच्या दोन खोल्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "गॅलरीला काचा लावून घेऊ. शाळा समोरच आहे." धनमायाला सांगितलं तेव्हा तिने पदर खोचला. ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला बसली.

दिवाळीनंतर टेक सानूला घेऊन आला. पाच-सहा वर्षांची, आईसारखेच डोळे, गालांवर उन्हाने करपलेले लाल डाग. आम्ही तिच्यासाठी नवी गादी केली, मुक्ताने आपली बाहुली देऊ केली. सानूने सगळं ठेवून घेतलं, पण वापरलं काहीच नाही. दिवसभर ती दाराजवळ भिंतीला टेकून बसायची आणि आपल्या आईकडे बघायची. आई मुक्ताची वेणी घालते आहे, मुक्ताला भात भरवते आहे, मुक्ताला झोपवताना तिच्या पाठीवर थोपटते आहे. धनमाया तिच्यापुढेही घास धरायची. ती मागे सरकायची आणि आपल्या हाताने जेवायची. मुक्ता तीन-चार वर्षांची, तिला काय कळणार. "धमा माझी आहे," ती दहा वेळा ठणकावून सांगायची. सानू त्यावर कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला मुक्ताला गोवर निघाला. धनमाया तिच्या उशाशी कडुलिंबाचे डहाळे घेऊन बसली ती उठेचना. माझी रजा संपली होती, मी कामावर जाऊन-येऊन होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले आणि ऊन येतं म्हणून गॅलरीचा पडदा ओढायला गेले. सानू गोधडी डोक्यावरून घेऊन निजली होती. एवढ्या उकाड्यात गोधडी, म्हणून बाजूला केली. पोर तापाने फणफणलं होतं. कानामागे, मानेवर पुरळ उठलं होतं.

माझी हाक ऐकून धनमाया आली. तिने सानूला मांडीवर ओढलं आणि नेपाळीत काहीतरी विचारलं. सानूने डोळे न उघडता उत्तर दिलं. दोन-चारच शब्द असतील. धनमाया दगडासारखी झाली.

डॉक्टर येऊन गेले. दोघी मुली शेजारी शेजारी निजल्या आणि त्यांच्यामध्ये ती. हळूहळू दोघींचे ताप उतरले, पुरळ सुकलं. मुली बऱ्या झाल्यावर एका सकाळी मी चहा घेत होते, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

"बाय, त्या दिशी मी तिका इचारलंय, ताप इलो तर सांगूक नाय कित्याक? ती म्हणाली, काकी, तू कामार होतंस."

मी कप खाली ठेवला.

"मी जातंय गो गावाक," ती म्हणाली. "तिका घेवन."

मी पुष्कळ बोलले. शाळेचं बोलले, मुलीच्या पुढच्या आयुष्याचं बोलले. मुक्ता आता मोठी होते आहे, तुझं काम कमी होईल, दोघींकडे बघता येईल, असंही म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हय मी धमा असंय. सानू हय रवली तर मी तिचीय धमाच होतलंय. थय माझ्या कडेर दुसरा चेडू नाय. थय माका तिची आवस, तिची आई होऊचाच लागतला."

"जमेल तुला? तिथे काय करशील?"

"होतला," ती म्हणाली. फार दिवसांनी ऐकला तो शब्द.

जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई मालवणहून मुद्दाम आल्या. येताना घरच्या खोबरेलाचा डबा आणला. "तुझ्या त्या डोंगरात खय गावतला ह्या?" म्हणून तो ट्रंकेत स्वतःच्या हाताने ठेवला. धनमायाने त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. सासूबाई तिला ओरडल्या, "ऊठ गो, रडतंस काय!" आणि स्वतःच रडायला लागल्या.

सकाळी टेकने फाटकाशी टॅक्सी आणली. मुक्ताला आम्ही समजावलं होतं, पण ट्रंक डिकीत जाताना बघितली आणि तिने धनमायाच्या गळ्याला मिठीच मारली. "धमा नाही जायचं! माझी धमा!" मी तिचे हात सोडवत होते, ती पुन्हा घट्ट धरत होती. सानू टॅक्सीच्या दाराशी उभी राहून नेहमीसारखी बघत होती. बघता बघता तिचा चेहरा लालबुंद झाला. ती धावत आली, तिने आईची साडी दोन्ही मुठींत धरली आणि जिवाच्या आकांताने ओढत ओरडली, "मेरी आमा! मेरी आमा हो!"

मुक्ता दचकून थांबली. धनमायाने मुक्ताला माझ्या कडेवर दिलं, तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि खाली वाकून सानूला उचललं. एवढी मोठी मुलगी, पाय खाली लोंबत होते. धनमायाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"ऐकलंस मा गो बाय?" ती मला म्हणाली. "ऐकलंस?"

ऐकलं होतं. कडेवर माझी मुलगी हमसून हमसून रडत होती, आणि तरीही मला त्या बाईसाठी इतका आनंद झाला होता की मी नुसती मान हलवत राहिले. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली.

पुढे दोन-तीन वर्षं टेक रजेवरून आला की खबर सांगायचा. शेत केलं, म्हैस घेतली, सानू शाळेत जाते. मग टेकही दुसरीकडे कामाला लागला आणि खबर थांबली.

धनमाया गेली त्या दिवशी मी रजा टाकली होती. दुपारी ताटात दहीभात कालवला आणि मुक्तासमोर बसले. तिने तोंड फिरवलं. तिला भात कसा लागतो, मऊ की मोकळा, मीठ किती, घास केवढा, मला काहीच माहीत नव्हतं. मी तिलाच विचारलं. ती बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग माझ्या हातातला घास तिने आपल्या बोटाने मोडला, निम्मा ताटात टाकला आणि उरलेल्या निम्म्यासाठी तोंड उघडलं.