मिक्सरशेजारची खोली

बाळवालीचं खरं नाव बांधकामावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. अर्धं आयुष्य डोक्यावर घमेली वाहण्यात गेलं, मग तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले. त्याच सुमाराला पालिकेने परगावच्या मजुरांच्या मुलांसाठी बांधकामावरच पाळणाघर काढायचं ठरवलं. मुकादमाने तिचं नाव पुढे केलं आणि ती बाळवाली झाली.

खोली कुठली द्यायची यावरून पहिल्याच दिवशी वाजलं. मुकादम म्हणे, मिक्सरला लागून गोदाम रिकामं आहे, तेच घ्या. बाळवालीने आकाशपाताळ एक केलं. "त्या धडधडाटात लेकरं झोपतील होय? काही लाजबीज?" काँक्रीटचा मिक्सर सुरू असला की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. स्वतःची लेक तिने तशाच एका मिक्सरजवळ, दोन खांबांना बांधलेल्या झोळीत वाढवली होती. ती सल मनातून कधी गेली नाही. या मुलांच्या वाट्याला ते यायचं नाही म्हणजे नाही! शेवटी मुकादम वैतागला आणि मागच्या अंगाची खोली देऊन मोकळा झाला. जाड दार, पंखा, स्वच्छ सतरंज्या. आत पाऊल टाकलं की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नसे. बाळवाली खूश.

मुलं मात्र एकही दुपार झोपली नाहीत.

खेळायची, खायची, पण आडवं केलं रे केलं की भोकाड पसरायची. तिने थोपटलं, गाणी म्हटली, दटावलं, शेवटी त्यांच्यापुढे हात जोडले. सगळ्यांत हट्टी बारकी. एवढीशी चिमुरडी, पण कपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून दाराशी बसायची ती आई येईपर्यंत हलायची नाही. मग एकेक आई आपलं मूल उचलून नेऊ लागली, परत वाळूच्या ढिगाजवळ, सळयांच्या शेजारी. पालिकेच्या मॅडम बघून गेल्या. वाईट त्यांनाही वाटलं, पण म्हणाल्या, "मावशी, मुलंच नसतील तर महिनाअखेर हे बंद करावं लागेल." बाळवालीचा जीव खालीवर झाला. सळईवर पडलेलं पोर तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते तिला पुन्हा पाहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलांना परत मागायला कामाच्या जागी गेली. बघते तर काय, मिक्सर धडधडतोय आणि बारकी त्याच्याजवळच रिकाम्या गोण्यांवर ढाराढूर! बाकीचीही तशीच. एवढ्यात डिझेल संपलं आणि मिक्सर थांबला. मुलं ताडकन उठून बसली. बारकीने आधी गाठोडं चाचपलं, मग आईला हाका मारत सुटली.

"अगं बाई, हिला झालं काय?"

"तिला वाटतं, निघालो आपण," घमेलं खाली ठेवत बारकीची आई म्हणाली. "मिक्सर थांबला की काम संपलं ना. मागच्या खेपेला झोपेतच टेम्पोत टाकली हिला. जाग आली तर भलतीच जागा. तेव्हापासून आवाज थांबला की उठतेच."

बाळवालीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे माझ्या त्या खोलीत यांना वाटायचं, तुम्ही यांना टाकून गेलात! आणि मी मेली अंगाई म्हणत बसले होते."

तशीच ती मुकादमाकडे गेली आणि गोदाम मागितलं. मुकादमाला हसू आवरेना. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या दिवशी तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलात."

"केला. चुकलं माझं. आता किल्ली द्या."

गोदाम झाडून निघालं, मिक्सरच्या बाजूला जाळी बसली, सतरंज्या पडल्या. मुलं घोरायला लागली, तशा आया आपणहून त्यांना आणून सोडू लागल्या. महिनाअखेर मॅडम आल्या तेव्हा सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणाघर राहिलं.

त्या संध्याकाळी बाळवालीने लेकीला फोन लावला. लेक आता दवाखान्यात नर्स होती. हे सगळं सांगून बाळवाली म्हणाली, "तूही कशी गाढ झोपायचीस गं मिक्सरपाशी! मीच मेली इतकी वर्षं जिवाला लावून घेतलं." तिला खरंच हलकं वाटत होतं.

लेक म्हणाली, "झोपलेलं कुठलं आठवायला, आई? एकदा जाग आली तेव्हा आवाज नव्हता, ते आठवतं. तू कुठे दिसेनास. किती हाका मारल्या मी तुला."

बाळवालीने आठवून पाहिलं. नेमका दिवस तिला आठवेना. तेव्हा बांधकामावर बायकांना पाणीसुद्धा मिळत नसे. मिक्सर थांबला की सगळ्या जणी कळशी घेऊन पलीकडच्या रस्त्यावर पळत.

"पाणी आणायला गेले असेन गं."

"एवढंच होय," लेक म्हणाली, आणि फोनवरच हमसून हमसून रडायला लागली.