प्रेमिलाबाईंचं निरंक

सकाळी गॅसवरचा चहा उकळायच्या आधी प्रेमिलाबाईंचा फोन उकळायला लागतो. शहरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाभोवती फिरणाऱ्यांचा पहिला फेरा अजून पुरा झालेला नसतो, आणि इकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दिवसाचं पहिलं सरकारी पत्र येऊन पडतं. कपाळावर ठळक अक्षरांत ‘अति तात्काळ’. पोटात माहितीचा तक्ता. पायाशी मुदत, तीही बहुधा आजचीच. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पंचायत समितीला असं ते पत्र उतरत येतं, आणि प्रत्येक पायरीवर त्याची मुदत झिजत जाते. प्रेमिलाबाईंच्या हाती लागेस्तोवर तिचा नुसता चोथा उरतो.

प्रेमिला गजभिये या केंद्रप्रमुख. खापरखेड्याच्या पुढे, कन्हान नदीच्या अंगाने विखुरलेल्या बारा सरकारी शाळा त्यांच्या केंद्रात. वरचं पत्र शाळांना पोचवायचं, शाळांची माहिती गोळा करून वर पाठवायची, आणि मधल्या वेळात स्कूटी काढून एकेका शाळेत जाऊन पोरं वाचतात का, खिचडी शिजते का ते पाहायचं, हे त्यांचं काम. माहिती वेळेत गेली नाही की स्मरणपत्र येतं. पहिलं जरा गोडीचं, दुसरं कोरडं, आणि तिसऱ्यावर ‘अंतिम’ असं लिहून खाली कारवाईची भाषा. स्मरणपत्र सगळ्यांच्या देखत ग्रुपवर पडतं, केंद्राच्या नावासकट. भरल्या पंगतीत कुणी नाव घेऊन बोलावं तसं ते लागतं.

प्रेमिलाबाईंच्या केंद्राला कधी स्मरणपत्र आलं नव्हतं.

त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. मौद्याकडच्या खेड्यात त्यांचा बाप कोतवाल होता. तहसिलीचा हुकूम घरोघरी सांगायचा तो. कवाड बंद दिसलं तर माणूस शेतातून येईस्तोवर पायरीवर बसून राहायचा, विडी ओढत. त्या कोतवालाची पोरगी डी.एड. झाली, वीस वर्षं खेड्यांतून शिकवत राहिली, मग परीक्षा देऊन केंद्रप्रमुख झाली. सरकारी निरोप पोचवणं तिच्या रक्तातच होतं म्हणा.

शाळांना वळण लावलं तेही त्यांनीच. आधी मास्तर लोक माहिती नसली की गप्प बसत. विचारलं तर ‘मॅडम, आमच्याकडे तसं काही नाही, म्हणून नाही पाठवलं’ म्हणत. बाईंनी सगळ्यांना एक शब्द शिकवला : निरंक. सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसू नका, निरंक लिहा. शाळेत साप निघाला का? निरंक. पंखा बिघडला का? निरंक. बघता बघता त्या शब्दाने सगळं केंद्र जिंकलं. एका शाळेत तर डब्याच्या सुट्टीत एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, “तुह्या डब्यात काय हाय बे?” दुसरं म्हणालं, “निरंक.” घरीही तेच. नवरा ताराचंद कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे कामाला. तो संध्याकाळी घरी येऊन भाजीचं भांडं उघडून पाही आणि हाक मारी, “केंद्रप्रमुख, निरंक अहवाल आहे वं आज!”

मार्चातली गोष्ट. ऊन चढायला लागलं होतं. सकाळी पत्र आलं ते असं : शाळेपासून लांब, वाट धोक्याची अशा वस्त्यांवरच्या मुलांना पुढच्या वर्षी वाहनाचा भत्ता हवा असल्यास तक्ता भरावा, नसल्यास निरंक कळवावे. मुदत दुपारी बारा.

अकरा शाळांचं उत्तर भराभर आलं. अकराही निरंक. राहिली ती बोरडोंगरी. तिथले मुख्याध्यापक रुपराव सर, निवृत्तीला टेकलेले, फोन असा दुरून धरणारे की जणू तो चावेल. त्यात बोरडोंगरीच्या शाळेत नेटवर्क नाही. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढलं तर एक-दोन काड्या मिळतात. बाईंनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ग्रुपवर दुसऱ्या केंद्रांचे अहवाल पडायला लागले. घड्याळ पुढे सरकत होतं. अशा वेळी माणसाचा अंगठा माणसाला विचारत नाही. बोरडोंगरीपुढच्या रिकाम्या चौकटीत त्यांनी लिहिलं, निरंक. बाराच्या आत अहवाल गेला. वरून साहेबांचा अंगठा आला, ‘सर्वप्रथम’ असा शब्द आला, दोन फुलं आली.

जेवणाच्या सुट्टीनंतर रुपराव सरांचा मेसेज वाजला. ‘डोहटोली वस्ती. मुले सात. वाहन पाहिजे. टाकीवर चढायला उशीर झाला, माफी.’

बाई स्कूटीवर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. डोहटोली. दिवाळीनंतर नदीच्या खालच्या काठावरची मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं उठून वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या रस्त्यापलीकडे गेली, ती डोहटोली. रुपराव सरांनी हे त्यांना तोंडी सांगितलं होतं. महिन्याच्या बैठकीत, चहाचा कप हातात घेऊन. आणि त्या ‘बरं बरं, पाहू’ म्हणाल्या होत्या.

त्या तशाच पंचायत समितीत गेल्या. शिक्षण विभागाच्या टेबलावर लहानूभाऊ बसतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पंखा आपल्याकडे वळवला.

“मॅडम, गेलं ते. यादी जिल्ह्याले पोचली.”

“एक ओळ तर वाढवायची आहे, भाऊ.”

“ओळ नाही वाढत. आधीचा अहवाल चुकला, असं लेखी द्या लागते. मंग साहेब विचारतात कसा चुकला. मंग तुम्ही काय सांगान? शाळेले न विचारताच निरंक टाकलं?” लहानूभाऊंनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. “काहून मागं लागून राहिल्या? बोरडोंगरीच्या सरले वाटते की माह्यी माहिती गेली. वाटू द्या. जूनमध्ये सांगून टाका, वरून मंजुरी नाही आली. वरून काय काय येत नाही, लोकायले सवय हाय. पुढच्या वर्षी भरजा.”

त्यांचं म्हणणं वाईट भावनेचं नव्हतं. बुडत्याला काठावरून काठी पुढे करावी तसंच ते बोलले. आणि खरं सांगायचं तर बाईंनी ती काठी धरलीही. रात्रीच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. ताराचंदने भाजी तोंडात घातली, पाणी प्यायला आणि शहाण्या माणसासारखं उरलेलं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी त्या बोरडोंगरीला निघाल्या. कशाला, ते त्यांचं त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. टिपरांच्या रस्त्याशी त्यांना स्कूटी थांबवावी लागली. मधोमध एक बाई उभी होती. हातात बांबू, बांबूच्या टोकाला लाल लुगड्याचा तुकडा. दोन्ही बाजूंना टिपर घुरघुरत थांबलेले, आणि तिच्या पाठीमागून लेकरं एकमेकांची दप्तरं धरून रस्ता ओलांडत होती. त्यांच्या केसांवर राखेची बारीक भुकटी बसली होती, जशी काही सगळी एका रात्रीत म्हातारी झाली होती.

एका ड्रायव्हरने हॉर्न दाबला.

“बोंबल!” ती बाई ओरडली. “तुह्या मायनंबी तुले असंच पार केलं असंन!”

लेकरं पलीकडे गेली. टिपर सुटले. बाई बांबू खांद्यावर टाकून कडेला आली आणि प्रेमिलाबाईंना ओळखून हसली. ती इंदूबाई. तिची पोरगी माया चौथीत होती.

“मॅडम! सर सांगून राहिले होते, तुमचा कागद गेला म्हणे. आता ऑटो लागते न जूनपासून?”

“तुम्ही रोज उभ्या राहता इथे?”

“रोज नाही. पाळी हाय बायकांची. जिची पाळी, तिची त्या दिवसाची रोजी बुडते. मासोळी बाजारात न्यावाची की लेकरू शाळेत न्यावाचं?” इंदूबाईने बांबू जमिनीत टेकला. “मायाचा बाप तर म्हणते, पाचवीपासून बसव घरी. मीच थांबवून ठेवलं त्याले. म्हटलं, मॅडमचा कागद गेला, आता थांब.”

प्रेमिलाबाईंनी स्कूटी वळवली. बोरडोंगरीच्या शाळेत त्या दिवशी बाई गेल्याच नाहीत. सरळ पंचायत समिती गाठली, कोरा कागद मागितला आणि लहानूभाऊंच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून लिहायला बसल्या. त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं. त्या दिवशी दोनदा खोडावं लागलं. ‘बोरडोंगरी शाळेची माहिती मिळाली नसताना मी निरंक कळवले. चूक शाळेची नसून माझी आहे.’

आत बसलेले गटशिक्षणाधिकारी साहेब वयाने लहान होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

“मॅडम, निरंक मागे घ्यायची पद्धत नाही हो आपल्याकडे.”

“सर, माहिती चुकली तर दुरुस्त करता येते. मग निरंक चुकलं तर का नाही?”

साहेबांनी कागद खाली ठेवला. “मला तुमच्याकडून खुलासा मागवावा लागेल. तो सेवापुस्तकात गेला तर जाईल. आणि जिल्ह्याने ऐकलंच पाहिजे असंही नाही. पुरवणी यादी निघाली तर त्यात बसेल. नाही निघाली तर…”

“तुम्ही शिफारस लिहा, सर. जिल्ह्याला मी स्वतः देते. माझं घर तिकडेच, शहरात आहे.”

साहेबांनी पेन उघडलं. लिहिता लिहिता म्हणाले, “एक सांगू? तुम्ही हे ग्रुपवर नका टाकू. बाकीचे केंद्रप्रमुखही उद्या कागद घेऊन येतील.”

“आले तर येऊ द्या, सर,” बाई म्हणाल्या. दारात उभे असलेले लहानूभाऊ खोकले.

जिल्ह्याच्या ऑफिसात कागदावर शिक्का पडला. पुरवणी यादी निघेल का, हे कुणी सांगितलं नाही. ‘पाहू’ म्हणाले. बाईंना तो शब्द चांगला ओळखीचा होता.

मग रुपराव सरांना सांगणं राहिलं. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. रुपराव सरांनी चष्मा काढून धोतराच्या… नाही, धोतर कुठलं आता, शर्टाच्या टोकाने पुसला.

“मले वाटत होतं, मी टाकीवर उशिरा चढलो म्हणून तुम्हाले वरून बोलणं बसलं असंन,” ते म्हणाले. “दोन दिस जेवण गोड लागलं नाही, मॅडम.”

“चूक तुमची नव्हती, सर, माझी होती.”

“आता मले सांगितलं, ठीक केलं. पण टोलीवर सांगाले मी नाही जात. मीच त्यायले म्हटलं होतं कागद गेला म्हणून. तुम्हीच जा.”

टोलीवर इंदूबाई जाळं सुकवत होती. प्रेमिलाबाईंनी उभ्यानेच सांगितलं. कागद गेला होता, पण निरंक, म्हणजे कोरा, गेला होता. आता खरा गेलाय, उशिराने. ऑटो येईलही, न येईलही. सांगताना त्यांचा आवाज सरकारी पत्रासारखा ताठ निघाला.

इंदूबाईने जाळ्याची एक गाठ सोडवली.

“म्हणजे तुम्ही आमाले निरंक केलं,” ती म्हणाली. “सात लेकरायले.”

“हो.”

“बाप्पा! अन् हे सांगाले इथवर आल्या?” तिने वर पाहिलं. रागाने पाहिलं, पण नजर काढून घेतली नाही. “मायाच्या बापाले मी काय सांगू?”

“मी सांगते त्यांना. थांबते ते येईपर्यंत.”

“थांबान तर थांबा. नदीवर गेला हाय. दिवस कलल्यावर येते.” इंदूबाईने जाळं बाजूला सारलं आणि एक बाजली ओढून सावलीत ठेवली. “बसा. चहा बिनदुधाचा हाय. अन् ऐका मॅडम, ऑटो येईस्तोवर तुमचीबी पाळी लावतो मी. बांबू आमचा. कोणता वार जमते?”

प्रेमिलाबाईंनी फोन काढला, पाहिला आणि उलटा करून बाजलीवर ठेवला.

“शनिवार,” त्या म्हणाल्या. “शनिवारी शाळा सकाळची असते.”

“मंग लवकर या लागन. अन् त्या टिपरवाल्यासमोर मॅडमसारखं बोलू नोका. त्यायले समजत नाही.”