माग थांबले ती दुपार

घटनास्थळ: मालेगाव, यंत्रमागांची गल्ली. वेळ: भर दुपार. साक्षीदार: प्रस्तुत अर्जनवीस व समस्त मोहल्ला. आज नाशकात नव्या पंच्याची घडी उघडताच खळीचा वास आला आणि सदर प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. एका विणकराच्या सहीसाठी मी त्याच्या कारखान्यात गेलो होतो. भिंतीपलीकडे त्याची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती, परंतु मूल रडत नव्हते. दाई धावत आली व त्याच्या कानाशी ओरडली, “माग बंद कर, भाई! बाळाचं दिल चालू हे का, काहीच ऐकू येत नाय!” त्याने माग थांबवून मूठ उंचावली. ती पाहून शेजाऱ्याने आपला माग थांबवून मूठ उंचावली, त्याच्या शेजाऱ्याने उंचावली, आणि बघता बघता अख्खी गल्ली निःशब्द झाली. इतकी शांतता मी कोणत्याही न्यायालयात अनुभवलेली नाही. बाप मूठ वर धरूनच उभा होता. “चालू हे!” दाई आतून म्हणाली. काही वेळाने बारीक रडणे ऐकू आले. “मुबारक, भाई! पोरगी तुझ्या मागाला भारी हे!” कोणीतरी ओरडले, आणि गल्ली हसली. मी जन्मभर अर्ज लिहीत आलो आहे. तरी अर्जाविना, शिक्क्याविना तो हुकूम इतक्या तत्परतेने कसा पाळला गेला, याचा खुलासा जाणकारांनी करावा, ही नम्र विनंती.