पोटरीसाठी तीन दिवस

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पोलीस भरतीत ती आधी दोनदा थोडक्यात राहिली होती, आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची भरती होती. पहाटे ती आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या रस्त्यावर धावायची, परत आल्यावर विहाराच्या ओट्यावर बसून लाटण्यानं पोटऱ्या दाबायची. मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळं रेशनच्या अर्जापासून अंगातल्या तापापर्यंत सगळं मला विचारलं जायचं. येत नाही म्हणायची मला लाज वाटायची.

ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, आठ दिवस राहिले तेव्हा तिची डावी पोटरी सुजली. बरेच दिवस ती दुखण्याची गोळी घेऊन धावत होती. आमचा स्नायूंचा धडा नुकताच झाला होता. मी पुस्तक घेऊन ओट्यावर गेलो. तिला सांगितलं, की फार ताण पडला की स्नायूचे बारीक धागे तुटतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जमतात आणि तुटलेलं खाऊन जागा साफ करतात. सूज म्हणजे त्यांचं काम चालू आहे, गोळीनं त्यात अडथळा येऊ शकतो. गोळी बंद कर आणि तीन दिवस धावू नको, असं मी म्हणालो.

तिच्यासोबत धावणाऱ्या पोरी हसल्या. त्यातली एक म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमाला बी तीन दिवस लिहून द्या."

आक्का हसली नाही. "त्याच्या पुस्तकात हाय ते. उगं न्हाई सांगून राहिला," म्हणाली, आणि गोळ्यांची पट्टी तिनं आईकडे देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली, दुखणंही थांबलं. चौथ्या दिवशी ती पूर्ण वेगानं धावली आणि पुलाजवळ पाय धरून खाली बसली. मी तिला सायकलवर बसवून घरी आणलं.

मग पुन्हा पुस्तक उघडलं. ते इंग्रजीत आहे, शब्दकोश घेऊन एक पान वाचायला मला तास लागतो. परीक्षेसाठी सरांनी जिथं रेघ मारून दिली होती तिथंच मी थांबलो होतो. रेघेच्या खाली लिहिलं होतं, की साफसफाई झाल्यावर या पेशींचं काम पालटतं, त्या नव्या धाग्यांच्या बांधणीला मदत करतात, आणि इजा मोठी असेल तर त्याला आठवडे लागतात. दुखणं आधीच थांबलेलं असू शकतं.

हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग किती दिवस पायजे होते?"

तीन-चार आठवडे तरी, मी म्हणालो.

"मंग तसं बी जमत नव्हतंच की."

हे तिला खरंच वाटत होतं की माझ्यासाठी म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

ग्राउंडवर ती पोटरीला पट्टी बांधून उतरली. आठशे मीटरची पहिली फेरी तिनं बाकीच्या पोरींसोबत काढली. दुसरी चालत पूर्ण केली. मी कुंपणाबाहेर उभा होतो. ती रेषेपर्यंत आली तेव्हा पुढची तुकडी धावायला उभी राहिली होती.

परवा शेजारची शेळी आमच्या सोयाबीनमध्ये शिरली. आक्का बांधावरून सुसाट धावली. पाय पूर्ण बरा झालाय. शेळी हाकलून ती चालत परत आली, खुरपं उचललं आणि आईच्या बाजूच्या ओळीत बसली.