बॅडमिंटनच्या गटवर बरोक

साडेचारला तार तुटली. सहाला कार्यक्रम. गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि मी स्टेजवर तुटकी तार हातात घेऊन बसले होते.

मी व्हायोला द गांबा वाजवते. बरोक म्हणजे साधारण तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपी संगीत; त्यातलं हे वाद्य. दिसायला चेल्लोसारखं, दोन पायांत धरायचं, सहा तारा, मानेवर सतारीसारखे बांधलेले पडदे. तारा मेंढीच्या आतड्याच्या. त्यांना गट म्हणतात. तुटली ती सगळ्यात बारीक, आणि निम्मा कार्यक्रम तिच्यावरच होता. जादा तार आदल्या आठवड्यात वापरली, नवी मागवायची राहिली. चूक माझीच.

आयोजक देवरे सर, बँकेतून रिटायर झालेले, धावत आले.

"सतारीची चालेल?"

"स्टीलची असते सर. वाद्याला झेपणार नाही."

"व्हायोलिनची?"

"आखूड पडते. गटच पाहिजे."

"हात्तिच्या! गट चौकात मिळतो की!"

मला वाटलं, खाटकाकडे नेतात. त्यांनी नेलं स्पोर्ट्सच्या दुकानात. पाटी होती : 'रॅकेट गटिंग करून मिळेल.'

मालक अशोकभाऊंनी मान वर न करता विचारलं, "रॅकेट कुठंय?"

"रॅकेट नाही, गांबा आहे," मी म्हणाले.

"कोणत्या कंपनीची?"

"अहो, तीनशे वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे!" देवरे सर म्हणाले.

"मग फ्रेम क्रॅक जाईल. माझी गॅरंटी नाय."

मी तुटकी तार काउंटरवर ठेवली. अशोकभाऊंनी ती मापली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "पॉइंट सत्तर एमएम. बॅडमिंटनचंच माप हे." त्यांनी नायलॉनचं रीळ काढलं; रॅकेटचा गट हल्ली नायलॉनचाच असतो, आणि तो वाद्याला झेपतो. "टेन्शन किती?"

"आठ किलो."

"म्हणजे सतरा-अठरा पाउंड. एवढं ढिलं? नवीन शिकताय वाटतं."

"वीस वर्षं झाली."

त्यांनी रीळ उलगडायला घेतलं.

खरी अडचण पुढेच होती. नवी तार ताणत राहते, सूर उतरत जातो. बसायला दोन दिवस लागतात. मी तसं सांगितलं.

"प्री-स्ट्रेच मारून देतो ना," अशोकभाऊ म्हणाले. मशीनवर तीस पाउंडाला ताणून त्यांनी ती पंधरा मिनिटं धरून ठेवली. हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू केलं. पहिल्या रचनेत माझा जीव सुरापेक्षा खुंटीत जास्त होता. तार जरा चकचकीत वाजत होती, पण हलली नाही. अशोकभाऊ दुकान बंद करून पहिल्या रांगेत बसले होते. संपल्यावर स्टेजमागे आले.

"दीड तास रॅली चालली मॅडम. गट जागचा हलला नाय!"

त्यांच्यामागून एक जाणकार गृहस्थ आले. डोळे मिटून म्हणाले, "काहीही म्हणा, आतड्याच्या तारेचा गोडवा नायलॉनला नाही."

देवरे सरांना खोकला आला. मी "थँक्यू" म्हणाले.

तेव्हापासून मी अनोळखी माणसाला अडचण सांगताना वाद्याचं नाव सांगत नाही. जाडी, लांबी आणि ताण सांगते. काम लवकर होतं.