शेवटचा चतकोर

आमच्या घरात माझं जेवण ऐकू यायचं. भांड्यांचा आवाज सगळ्यांच्याच जेवणाचा येतो, माझ्या जेवणात उड्यांचाही यायचा. दोन घास नीट जायचे आणि तिसरा छातीच्या मधोमध जाऊन बसायचा. मग मी ताटावरून उठायचे, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायचे, दोन्ही हात वर करायचे आणि टाचा आपटत जागच्या जागी उड्या मारायचे. घास खाली उतरला की पुन्हा मांडी घालून चौथ्या घासाला हात. मधल्या भिंतीपलीकडे माझी आत्या राहते. ती तिकडून ओरडून विचारायची, "झालं का गं पोरीचं जेवण, का अजून उड्याच चालल्यात?"

हे दहावीच्या सुमारास सुरू झालं. आधी भाकरी अडकायला लागली, मग पोळी, मग भातसुद्धा. गावाकडच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आत्याचं निदान वेगळं होतं. "डाएट करती ती. मोबाईलवर बघून बघून बारीक व्हायचंय तिला." मी आत्याला किती समजावलं, पण माझं वजन तिच्याच बाजूने बोलत होतं.

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सिन्नरच्या बाजूने एसटीने रोज नाशिकला यायचे. कॉलेजात सगळ्यात जास्त भीती मला कॅन्टीनची वाटायची. तिथे आधी कुपन घ्यायचं की आधी बसायचं, हेच मला पहिले काही दिवस कळत नव्हतं, आणि त्यात सगळ्यांसमोर उड्या मारायच्या म्हणजे फारच झालं. म्हणून मी उपवास धरले. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. उरलेल्या वारांना मी नुसतं "आज आहे गं" एवढंच म्हणायचे. वर्गात माझ्याबद्दल इतका आदर पसरला की परीक्षेच्या आधी एका मैत्रिणीने मला कॉस्टिंगच्या पेपरसाठी देवाजवळ शब्द टाकायला सांगितलं. ती पास झाली. मला मात्र त्या पेपरात जेमतेम मार्क पडले.

शेवटी पाणीही अडकायला लागलं, तेव्हा आई-अण्णा मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला देऊन एक्स-रे काढले आणि आम्हाला फोटो दाखवला. माझी अन्ननलिका वर फुगलेली होती आणि खाली एकदम निमुळती, चिमणीच्या चोचीसारखी. मॅडम म्हणाल्या, "नळीच्या खालच्या टोकाला एक झडप असते. घास आला की ती सैल व्हायला पाहिजे. हिची होतच नाही."

अण्णांची झेंडू-शेवंतीची शेती आहे. ठिबकच्या नळ्या आणि पाण्याचे व्हॉल्व्ह यांच्यातच त्यांचा दिवस जातो. ते पुढे सरसावले. "म्हंजी व्हॉल्व्ह जाम झालाय."

"अगदी बरोबर."

"मग काढून दुसरा बसवायचा?"

"काढायचा नाही," मॅडम हसत म्हणाल्या, "पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीने आत जायचं आणि त्याचा स्नायू थोडा कापून सैल करायचा."

अण्णांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातली डबी काढली, एका बाजूची तंबाखू तळहातावर घेतली, दुसऱ्या बाजूचा चुना लावला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ मळत उभे राहिले.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस मला फक्त पातळ घ्यायचं होतं. नळीत अडकून पडलेलं अन्न आधी खाली जायला पाहिजे, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्या दिवसांत आमच्या मिक्सरला विश्रांती नव्हती. मुगाचं कढण, भाताची पेज आणि ताक ठीक होतं. पण आत्याने एकदा पुरणपोळी दुधात घालून मिक्सरमधून काढली, गाळणीने गाळली आणि पेला माझ्यासमोर ठेवला.

"डोळे मिटून पी," ती म्हणाली, "पोळी हाय असं समज."

मी डोळे मिटून प्यायले. वेलदोड्याचा वास असलेली कढी प्यायल्यासारखं वाटलं. पण आत्या इतक्या आशेने बघत होती की मी "छान" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तसाच आणखी एक पेला आला.

त्याच आठवड्यात आई, अण्णा आणि आत्या वणीच्या गडावर देवीला जाऊन आले. मला प्रवास झेपणार नव्हता म्हणून मी घरीच थांबले. आमच्याकडे घरात कोणी आजारी असलं की देवीपुढे आवडीचं काहीतरी सोडतात आणि माणूस बरं झालं की मगच ते पुन्हा घेतात. परत आल्यावर आत्याने मला सगळं रंगवून सांगितलं.

"मी कारलं सोडलं तुझ्यासाठी."

"आत्या, तू कारलं कधी खाल्लंयस?"

"खाल्लं नाय, पण आता खाणार बी नाय. तू आईचं ऐक, तिनं शेवगा सोडला. आणि तुझा बाप! लोकं मागून ढकलत होती, पुजारी चला चला करीत होता, आणि हा हात जोडून मोठ्यानं म्हणतो, पोरगी आख्खी भाकरी खाईस्तोवर तंबाखूला शिवणार नाय! मला तर वाटलं देवीच दचकली."

मी अण्णांकडे बघितलं. ते उंबऱ्यावर बसून मोकळ्याच तळहातावर अंगठा घासत होते. आपण गर्दीत काय बोलून बसलो, हे गड उतरताना त्यांच्या लक्षात आलं असावं. पण शब्द दिला होता. खिशातली न फोडलेली पुडी त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. टाकून दिली नाही, ठेवून दिली.

ऑपरेशनबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मी झोपले होते. जाग आली तेव्हा दुखत होता तो खांदा. मी घाबरून सिस्टरना म्हटलं, "ऑपरेशन पोटाचं होतं ना? चुकून दुसरीकडे तर नाही झालं?" त्या म्हणाल्या, पोटात गॅस भरतात, त्यामुळे खांदा दुखतो, दोन-तीन दिवसांत जाईल. दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर त्यांनी मला चमच्याने पाणी दिलं. मी घोट घेतला आणि सवयीने दोन्ही हात वर केले.

"काय हवंय?" सिस्टरनी विचारलं.

काहीच नको होतं. पाणी गेलं होतं. कुठेही न थांबता, आवाज न करता. मी हात वरच ठेवून रडायला लागले, आणि आईला वाटलं खांदाच दुखतोय.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी सांगितलं की काही दिवस पातळ, मग गुरगुट्या भात, मग मऊ, आणि भाकरीसारखं कोरडं सगळ्यात शेवटी. जड उचलायचं नाही, उशाला उंच घेऊन झोपायचं. एवढं झाल्यावर आई एकदम म्हणाली, "मॅडम, ह्यांचं पण तोंड बघता का जरा? वर्ष झालं, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं ह्यांच्या."

अण्णा लहान मुलासारखे मागे सरकले, पण तोंड उघडावंच लागलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मॅडमनी आम्हाला दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नीट बघून सांगितलं. आत्ता घाबरण्यासारखं नाही, तंबाखू बंद राहिली तर बहुतेक आपोआप जाईल, पण मधून मधून दाखवायला या. आणि पुन्हा सुरू केली तर सांगता येत नाही.

"बंदच हाय," अण्णा म्हणाले. "नवस फिटेपर्यंत."

आईने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

घरी आल्यावर माझ्या जेवणाला प्रेक्षक वाढले. अण्णा शेतातून माझ्या जेवणाच्या वेळी बरोबर यायचे. "कुठवर आली गाडी?" ते विचारायचे. गाडी पेजेवरून भातावर आली, भातावरून दुधात कुस्करलेल्या पोळीवर. मॅडमनी भाकरीला परवानगी दिली त्या दिवशी अण्णांनी स्वतः बाजरी दळून आणली. मी चतकोर खाल्ला, सावकाश, पुष्कळ चावून. अण्णांनी देव्हाऱ्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "घाई नाय बरं का." पण त्यांचा अंगठा तळहातावर फिरत होता.

पुढे अर्धी झाली. मग पाऊण. एका दुपारी पाऊण भाकरी संपली आणि मला अजून भूक होती. तुम्हाला हे साधं वाटेल. पण दहावीनंतर मी एक आख्खी भाकरी कधी खाल्ली नव्हती, आणि ताटात उरलेल्या त्या चतकोराकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी हात पुढे केला तर आईने स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवली. नाही.

नंतर तिने मला चुलीजवळ बसवून घेतलं. "हे बघ, तू बरी झालीस, मला सगळं भरून पावलं. पण तू आख्खी भाकरी खाल्लीस की ती पुडी फुटणार. तेवढा चतकोर रोज ठेवत जा."

"आई, हे देवीला फसवणं झालं."

"देवीला कुठं फसवतीय? मी ह्यांना फसवतीय."

मला ते पटावं की पटू नये हे आजही नीट ठरवता येत नाही. पण अण्णा हल्ली भाजीतलं तिखट बाजूला काढत नव्हते, हे मी पाहिलं होतं. मी चतकोर ठेवायला लागले.

अडचण अशी झाली की माझी भूक वाढत गेली. रोज ताटात तुकडा उरवायचा म्हणजे हाताला धरून ठेवावं लागायचं. मग आईने उपाय काढला. ती भाकऱ्या मोठ्या थापायला लागली. आधी ताटाएवढ्या, मग ताटाबाहेर जाणाऱ्या. तव्यावर कडा लोंबायला लागल्या. अण्णा एकदा भाकरी दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, "ही भाकरी हाय का ट्रॅक्टरचं चाक?"

"पीठ सैल झालं," आई म्हणाली.

"रोज?"

भिंतीपलीकडून आत्याने जोड दिली, "मला बी एक द्या, पांघरायला लागंल."

अण्णा एकदा भाकरीकडे आणि एकदा आईकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे पकडणार. पण ते मुकाट्याने जेवले.

मग शेवंतीची तोडणी आली. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही शेतात गेले. जड उचलायची मनाई संपली होती, तरी अण्णांनी मला क्रेटला हात लावू दिला नाही, फक्त फुलं खुडायला लावली. दुपारी बांधावर सगळे जेवायला बसलो. आई, अण्णा, आत्या आणि मी. डब्यात बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा. मी सकाळपासून उन्हात होते. बोलता बोलता जेवत राहिले. पाण्याला हात लावला नाही, उठले नाही, आणि मध्येच खाली बघितलं तर समोर फक्त चतकोर उरला होता. आईच्या चाकाएवढ्या भाकरीतला चतकोर.

मी तो उचलला. खरंच सांगते, त्या क्षणी मला तंबाखू, नवस काही आठवलं नाही. भूक लागली होती एवढंच. मग आईचा हात थांबलेला दिसला. आत्या चावायची थांबली. आणि अण्णा माझ्याकडे बघत होते. मी तो तुकडा धरून तशीच बसले. तोंडात घालवेना आणि खाली ठेववेना.

अण्णांनी हात पुढे केला आणि चतकोर माझ्या बोटांतून काढून घेतला. त्यावर चांगला ठेचा घेतला आणि एका घासात खाऊन टाकला.

"ह्यो राहिलाच हिचा," ते म्हणाले. "म्हंजी आजबी आख्खी झाली नाय."

आई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती, पाणी येतंय का म्हणून. डोळे कोरडे होते.

"मिरची कमी पडली ठेच्यात," अण्णा म्हणाले. मग आईकडे न बघताच, "आणि उद्यापासून भाकऱ्या बेताच्या थाप. पीठ लय जातं."

"अरे, पण मग माझ्या कारल्याचं काय?" आत्याने विचारलं.

"तू बस तशीच," अण्णा म्हणाले.

मी डब्यातून दुसरी भाकरी काढली आणि खायला लागले. अण्णांनी खिशातून जुनी डबी काढली, झाकण उघडलं आणि तळहातावर बडीशेप ओतून घेतली. चुन्याच्या बाजूला खडीसाखर होती. त्यातली थोडी मला दिली आणि म्हणाले, "ह्या भाकरीचा पण ठेव गं माझ्यासाठी."