फळीवरची गाडी

सिद्धलिंगप्पांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते मोरीपाशी बसून चादरी धूत होते. वय एकाहत्तर. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, म्हणून त्या दिवशी सगळं एकदमच. पिंपं भरायची, कपडे धुवायचे, बायकोला अंघोळ घालायची. लकवा झालेल्यांचे व्यायाम मी घरोघरी जाऊन घेते. त्यांनी हात पुसले आणि ते म्हणाले, "या मॅडम. पेशंट आत हाय."

पेशंट म्हणजे विजयमाला मावशी. चार महिन्यांपूर्वी भाकरी थापताना त्या चुलीपुढंच कलंडल्या. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एखादा शब्द यायचा, तोही निम्मा. मुलगा पुण्यात नोकरीला. रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा. कॉल संपल्यावर अप्पा फोन तसाच हातात धरून बसून राहायचे.

यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरण्यात अप्पांची चाळीस वर्षं गेली. बायको आजारी पडल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. त्यांचे एक जुने गिऱ्हाईक होते, कारखानदार. त्यांचा बंगला पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून एक लाकडी पेटी निघाली. ती त्यांनी अप्पांना देऊन टाकली. पेटीत होती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची खेळण्यातली विलायती आगगाडी. पत्र्याचं हिरवं इंजिन, दोन डबे आणि तीन पट्ट्यांचे रूळ. मधल्या पट्टीतून वीज घेऊन इंजिन पळायचं. पण त्याची मोटार जळाली होती.

"जळकी मोटार बघितली की माजा हात गप बसत न्हाय," अप्पा मला म्हणाले. "पन डोळं राहिलं न्हाईत आता. एवढ्याशा मोटारीला आट दिवस लागले."

खरं कारण वेगळं होतं. मावशींचे वडील बार्शीकडच्या छोट्या गाडीच्या लाइनीवर, एका आडरानातल्या थांब्यावर कामाला होते. मावशी लग्नापर्यंत रुळाकाठच्या खोलीत वाढल्या. आता तिथं मोठी लाइन झाली, छोटी गाडी गेली. ही गाडी बघून बायकोला बरं वाटेल, असं अप्पांना वाटलं.

त्यांनी घरातल्या एका जुन्या दाराची फळी दोन पेट्यांवर आडवी टाकली, खाटेला अगदी लागून, मावशींच्या नजरेला येईल इतक्या उंचीवर. त्यावर रूळ लंबगोल बसवले. जागा इतकी कमी की वळणावर डबे फळीच्या कडेबाहेर लोंबायचे. रोज चार वाजता अप्पा गाडी सुरू करायचे. चालवण्यापेक्षा तिची सेवाच जास्त. सोलापूरची धूळ रुळांवर बसली की इंजिन अडायचं. मग रॉकेलच्या फडक्यानं तिन्ही पट्ट्या पुसायच्या, चाकात गुंतलेले केस चिमट्यानं काढायचे. गाडी खडखडत फिरायची आणि मावशी भिंतीकडं तोंड करून पडायच्या.

दोन महिने असं चाललं. एप्रिलच्या एका दुपारी मी त्यांच्या पायाचे व्यायाम घेत होते. गाडी पाच-सहा फेऱ्या फिरली असेल. अचानक मावशींनी डावा हात फटकारला. इंजिन फळीवर आडवं झालं, एक डबा खाली पडून चेपला.

 अप्पा डबा उचलायलाही वाकले नाहीत. भिंतीला टेकून ते हळूहळू जमिनीवर बसले.

"लई दमलो मॅडम," ते म्हणाले. "हिला काय पायजे तेच कळंना झालंय. माजं काय चुकतंय तेबी ही सांगत न्हाय."

मावशी रडत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. "थां..." एवढंच येत होतं. पुन्हा, "थां... बा..."

"थांबा म्हणतायत," मी म्हणाले. "बंद करा म्हणतायत बहुतेक."

मावशींनी जोरानं मान हलवली. नाही. डावा हात वर करून त्यांनी तो हवेत आडवा हलवला, दोनदा, तीनदा.

अप्पा बघत राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "बावटा! अगं, बावटा म्हनतीस व्हय?" ते माझ्याकडं वळले. "हिच्या थांब्यावर कुनाला गाडीत बसायचं असलं तरच गाडी थांबायची. हिचा बा लाल बावटा दावायचा. तो शेतात असला की ही दावायची, बारा वर्साची पोर. चाळीस वर्सं ऐकलंय मी हिच्याकडनं. आन् इसरलो बगा."

गाडी नुसतीच फिरत होती. थांबत नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी गेले की अप्पा फळीखाली उताणे पडलेले दिसायचे. एका बाजूच्या रुळाची मधली पट्टी त्यांनी बाकीच्यांपासून तोडली. सांध्यातली लोखंडी खीळ काढून तिथं बांबूची काडी ठोकली, म्हणजे तेवढ्या तुकड्याची वीज वेगळी झाली. ती एका बटणातून द्यायची. बटण बंद केलं की इंजिन तिथं येऊन उभं राहावं. पण इंजिन वेगात यायचं आणि तेवढं अंतर घसरत ओलांडून जायचं. अप्पा गुडघे धरत उठायचे, वेग कमी करायचे, पुन्हा खाली जायचे. एकदा तर त्यांना उठताच येईना. मी हात दिला.

बटण कुठं बसवायचं, यावर आमचा वाद झाला. मी म्हणाले, "उजव्या हाताशी लावा. तेवढाच त्या हाताला व्यायाम होईल."

"डाव्याच हाताला लावतो," अप्पा म्हणाले. "दिसभर व्यायामच चाललाय की तिचा. एवढं तरी मनासारखं करू द्या."

मे महिन्यात एका बुधवारी सगळं जमलं. गाडी वळणावरून आली आणि मावशींनी बटण दाबून बंद केलं. इंजिन त्या तुकड्यावर येऊन गप उभं राहिलं. मागं चेपलेला डबा. मावशी त्याच्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. ते हसू होतं.

एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. अप्पा उभेच होते.

"सोड की गाडी आता," ते म्हणाले.

मावशींनी नकारार्थी मान हलवली. बटणावरचा हात उचलून त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बोट दाखवलं. अप्पांना आधी कळलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं. खुर्ची, मग अप्पा, पुन्हा खुर्ची.

अप्पा बसले. बसल्या जागी पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला, तोंड उघडं, मान एका बाजूला. मी गाडी चालू करायला गेले, तर मावशींनी माझं मनगट धरलं. बाकीचे व्यायाम आम्ही आवाज न करता केले.

माझ्या भेटी जूनमध्ये संपल्या. मावशींना चालता आलं नाही, येईल असंही मला वाटत नाही. शेवटच्या दिवशी पाणी आलेलं होतं. अप्पा पिंपं भरत होते, आणि आतून मावशी त्यांना हाक मारत होत्या, निम्म्याच शब्दांत. "आलो, आलो," म्हणत त्यांनी नळ तसाच वाहता ठेवला आणि ते आत गेले.